न आलेल्या उत्तराचा आलेख

फेब्रुवारी २००६ मध्ये मुंबईत ‘चेप’ परिषद भरली होती. उच्च ऊर्जा भौतिकशास्त्रासाठी संगणक कसे वापरायचे यावर जगभरचे वैज्ञानिक आणि संगणकतज्ज्ञ साधारण दीड वर्षाने जिथे एकत्र येतात, ती ही परिषद. यजमान होती कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था. याच परिषदेत जाहीर झाले, की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून जगातल्या बारा मोठ्या संगणक केंद्रांकडे सेकंदाला एक गिगाबाइटपर्यंतच्या वेगाने माहिती पाठवून झाली आहे. म्हणजे दर पाच सेकंदांना एक भरलेली डीव्हीडी. लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये पहिला किरणझोत फिरायला अजून अडीच वर्षे होती. त्यातून निघणारा माहितीचा लोंढा जगभर वाटता येईल का, याची ही तालीम होती.

तालीम पार पडते आहे हे समजत होते ते आलेखांवरून. कोणती फाइल कुठून निघाली, कुठे गेली, केवढी होती, पोचायला किती वेळ लागला, या नोंदी एका जागी गोळा होत होत्या आणि त्यांतून तासातासाचा सरासरी वेग रंगीत स्तंभांत उमटत होता. एकेका केंद्राला एकेक रंग. हे स्तंभ काढणाऱ्या प्रणालीचे नाव ग्रिडव्ह्यू. सर्नच्या सहकार्याने ती घडवली होती भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणक विभागाने.

हे केंद्र आहे तो पट्टा मुंबईच्या हार्बर मार्गावरचा. चेंबूर सोडले की गोवंडी, मग मानखुर्द, मग खाडीवरचा पूल. गोवंडीच्या उत्तरेला शिवाजीनगर, बैंगनवाडी आणि त्यापलीकडे १९२७ पासून कचरा पोटात घेणारे देवनारचे डंपिंग ग्राउंड. दक्षिणेला टाटा समाजविज्ञान संस्था, अणुशक्तीनगरची वसाहत आणि ट्रॉम्बेच्या डोंगराला लागून अणुसंशोधन केंद्र. १९५४ मध्ये ते सुरू झाले तेव्हा ट्रॉम्बे हेच नाव त्याच्या पाटीवर होते. होमी भाभांचे नाव त्याला १९६७ मध्ये मिळाले. गोवंडी वर्तमानपत्रांत येते ती बहुतेक वेळा कचऱ्याच्या आगी आणि झोपडपट्ट्यांच्या बातम्यांतून. जगातल्या एका अवाढव्य संगणकजाळ्याची तब्येत दाखवणारे साधन याच पट्ट्यात घडले, ही गोष्टही मराठी वाचकांपर्यंत पोचायला हवी होती. ती पोचली नाही, आणि ही प्रस्तावना इतकी लांबली आहे त्याचे तेही एक कारण आहे.

या पुस्तकाचा विषय आहे नेटवर्कने जोडलेल्या युनिक्स संगणकांवर चित्रांच्या साहाय्याने ठेवायची देखरेख. खोलीत चार वर्कस्टेशन असोत की चाळीस देशांत पसरलेली लाखो यंत्रे, प्रश्न तेच असतात. कोणते यंत्र चालू आहे? कोणावर भार जास्त आहे? कोणाची डिस्क भरत आली? आणि हे सगळे एका माणसाला एका पडद्यावर, कामात खंड न पडता दिसेल का? पडद्यावरच्या रंगांकडे आणि रेषांकडे सगळ्यांचेच लक्ष आधी जाते. पण देखरेखीच्या कोणत्याही साधनाची परीक्षा करायची असेल, तर त्याला एकच प्रश्न विचारावा: यंत्राकडून उत्तर आलेच नाही, तर तू त्या जागी काय काढतोस? या क्षेत्राचा चाळीस वर्षांचा इतिहास या प्रश्नाच्या निरनिराळ्या उत्तरांतून सांगता येतो.

बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्सला सुरुवात केली, तेव्हा यंत्र एकच असे आणि त्याला अनेक टर्मिनल जोडलेले असत. यंत्र बंद पडले की सगळ्यांना एकदमच कळे. बर्कलीच्या विद्यापीठातून १९८३ मध्ये बाहेर पडलेल्या ४.२ बीएसडीने युनिक्समध्ये टीसीपी-आयपी आणले आणि त्याबरोबर एक साधी सोय दिली. प्रत्येक यंत्रावर ‘आरहूडी’ नावाचा एक छोटा प्रोग्राम सतत चालू राही आणि आपण जिवंत आहोत, आपल्यावर इतका भार आहे, इतके लोक आत आहेत, अशी दवंडी काही मिनिटांनी नेटवर्कवर पिटे. ‘आरअपटाइम’ ही आज्ञा दिली की आसपासच्या सगळ्या यंत्रांची यादी समोर येई. अकरा मिनिटे एखाद्याची दवंडी ऐकू आली नाही, तर त्याच्या नावापुढे ‘डाऊन’ लिहिले जाई. अकरा मिनिटे हा आकडा निसर्गाने दिलेला नव्हता. कोणीतरी विचार करून ठरवलेला होता, की एवढी शांतता म्हणजे मृत्यू समजायचा.

१९८२ मध्ये कॅलिफोर्नियात सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी निघाली. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला हे पुण्यात जन्मलेले. सनच्या वर्कस्टेशनला मोठा पडदा, माउस आणि खिडक्या होत्या आणि नेटवर्क त्यात जन्मापासूनच होते. या यंत्रांबरोबर येणारे ‘पर्फमीटर’ हे चित्रमय देखरेखीचे सर्वांत ओळखीचे जुने साधन. पडद्याच्या कोपऱ्यात बोटभर खिडकी, तिच्यात सरकता आलेख किंवा दोन काट्यांची तबकडी. तबकडीचा मोठा काटा शेवटच्या दोन सेकंदांची स्थिती दाखवी, छोटा काटा वीस सेकंदांची सरासरी. प्रोसेसर, नेटवर्कवरची पाकिटे, डिस्क, मेमरीची अदलाबदल, इथरनेटवरच्या टकरी, यांतले जे हवे ते निवडता येई. सगळ्यात मोलाची गोष्ट ही, की आज्ञेत दुसऱ्या यंत्राचे नाव दिले की पर्फमीटर त्या यंत्राची माहिती आणून आपल्या टेबलावर दाखवी. पलीकडच्या यंत्रावर त्यासाठी ‘आरस्टॅटडी’ चालू असला की पुरे. एका पडद्यावर आठ-दहा खिडक्या ओळीने लावून ठेवल्या, की प्रयोगशाळेतली सगळी यंत्रे जागेवर बसून दिसत.

दोन काट्यांची ती कल्पना आजही शिकण्यासारखी आहे. मोठा काटा क्षणाक्षणाला उड्या मारतो आणि त्याच्याकडे पाहून माणूस घाबरतो. छोटा काटा वर चढला, तर मात्र खरोखर काही घडते आहे. क्षणाची आणि काही काळाची अशा दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की माणसाची नजर आपोआप त्यांची तुलना करते. आकड्यांच्या तक्त्याला हे जमत नाही.

ही खिडकी किती उपयोगी होती आणि किती फसवी, हे एका उदाहरणावरून नीट कळते. त्या काळच्या अनेक वर्कस्टेशनना स्वतःची डिस्क नसे. सनने १९८४-८५ च्या सुमारास आणलेल्या एनएफएसमुळे त्यांच्या फाइली एका मध्यवर्ती सर्व्हरवरून येत. सर्व्हर अडकला की खोलीतली वीस टेबले एकदम गोठत आणि प्रत्येक पडद्यावर ओळ उमटे, की सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे. अशा वेळी एखाद्या वर्कस्टेशनच्या पर्फमीटरवर प्रोसेसरचा आलेख पाहिला, तर तो तळाला. यंत्र रिकामे बसले आहे असे दिसे, आणि ते खरेही असे, कारण त्याच्याकडे करण्याजोगे काम पोचतच नव्हते. वापरणारा माणूस हताश आणि आलेख निवांत. अनुभवी माणूस मग प्रोसेसर सोडून सर्व्हरच्या डिस्कची आणि नेटवर्कवरच्या टकरींची खिडकी उघडे. दुखणे एका यंत्रात आणि त्याची लक्षणे वीस ठिकाणी, हा नेटवर्कचा स्वभाव आहे.

‘लोड ॲव्हरेज’ या आकड्याचेही असेच. धावणाऱ्या आणि धावण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या कामांची ती एक सरासरी. एक, पाच आणि पंधरा मिनिटांच्या हिशेबाने मिळणारे तीन आकडे युनिक्स वापरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असतात. ही कल्पना युनिक्सची स्वतःची नाही. टेनेक्स या प्रणालीतली ही सरासरी १९७३ सालच्या आरएफसी ५४६ मध्ये आलेखांसह समजावलेली आहे. लिनक्सने १९९३ मध्ये तिच्यात डिस्कची वाट पाहत अडकलेली कामेही मोजायला सुरुवात केली. त्यामुळे एनएफएस सर्व्हर हरवला की लिनक्स यंत्राचा लोड पन्नासवर जाऊ शकतो आणि त्याच वेळी प्रोसेसर मोकळा असतो. दोन आलेख परस्परविरुद्ध बोलतात आणि दोन्ही खरे असतात. हे ज्याला ठाऊक नाही तो नवा प्रोसेसर विकत घ्यायला निघतो.

मुंबईत नेटवर्कची गोष्ट सुरू झाली ती जुहूला. तिथल्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीने, म्हणजे एनसीएसटीने, अर्नेट प्रकल्पाखाली १९८९ मध्ये अमेरिकेतल्या यूयूनेटशी जोडणी केली. वेग सेकंदाला ९६०० बिट. एक मेगाबाइट यायला चौदा-पंधरा मिनिटे लागत. अर्नेटवरच्या शिक्षणसंस्थांच्या परदेशी पत्रव्यवहाराला असा अरुंद मार्ग होता, म्हणून त्या मार्गावर काय चालले आहे हे पाहण्याची निकड फार होती. चेप परिषदेत सांगितलेला वेग या जोडणीच्या आठ लाखांहून अधिक पट होता, आणि मधे गेली होती फक्त सतरा वर्षे.

अशाच एका अरुंद जोडणीतून या क्षेत्रातले कदाचित सर्वांत जास्त पाहिले गेलेले चित्र जन्माला आले. इंग्लंडमध्ये लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठात १९९४ मध्ये टोबियास ओटिकर काम करत होता. संपूर्ण संस्थेला बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन एकच, ६४ किलोबिटची. तिच्यावर किती वाहतूक आहे, हे सगळ्यांनाच जाणून घ्यायचे होते. त्याने एक प्रोग्राम लिहिला. दर पाच मिनिटांनी तो राउटरला एसएनएमपी या ठरलेल्या भाषेत विचारी, की आतापर्यंत किती बाइट आले, किती गेले. आणि त्याचा आलेख वेबवर ठेवी. येणारी वाहतूक हिरव्या रंगात भरलेली, जाणारी निळ्या रेषेत. १९९५ मध्ये हे साधन एमआरटीजी या नावाने सर्वांसाठी मोकळे झाले. कोणीही, कुठूनही, कोणत्याही पडद्यावर पाहू शकेल असे हे चित्र असल्यामुळे पर्फमीटरसारखी खास वर्कस्टेशनची गरज संपली. शिवाय दिवसाचा, आठवड्याचा, महिन्याचा आणि वर्षाचा असे चार आलेख एकाखाली एक येत असल्याने चित्राला स्मरण आले. मागच्या मंगळवारी दुपारी काय झाले होते, हे पर्फमीटर सांगू शकत नव्हते.

पण स्मरणाला जागा लागते. ती वाचवण्यासाठी एमआरटीजी जुन्या नोंदींच्या सरासऱ्या काढत जाई. दिवसाच्या आलेखात पाच मिनिटांची सरासरी, आठवड्याच्या आलेखात अर्ध्या तासाची, महिन्याच्या आलेखात दोन तासांची, वर्षाच्या आलेखात पूर्ण दिवसाची. एखादी लाइन तीस सेकंद पूर्ण भरून वाहिली आणि उरलेला वेळ रिकामी राहिली, तर पाच मिनिटांच्या आलेखात ती दहा टक्के दिसते. वर्षाच्या आलेखात तिचा मागमूसही राहत नाही. वार्षिक आलेख दाखवून ‘लाइन तर निम्मीही भरत नाही’ असे ठामपणे सांगितले जाते, त्यामागे अनेकदा एवढेच असते.

मोजणीतही एक खाच आहे. राउटर तेव्हा बाइट मोजी तो ३२ बिटांच्या मीटरवर. चार अब्ज एकोणतीस कोटींच्या आसपास पोचला की हा मीटर पुन्हा शून्यावर येतो. १० मेगाबिटच्या भरलेल्या इथरनेटवर याला सत्तावन्न मिनिटे लागतात, म्हणून दर पाच मिनिटांनी विचारणाऱ्याला काही अडचण नव्हती. गिगाबिटच्या वेगाला मात्र चौतीस सेकंदच लागतात. दोन विचारण्यांच्या मधे मीटर आठ वेळा फिरून येऊ शकतो आणि आलेखावर भरधाव लाइन अर्धमेली दिसते. ६४ बिटांचे मीटर आले ते यासाठी. जुन्या सवयीने ३२ बिटांचाच मीटर वाचणारी साधने त्यानंतरही कैक वर्षे चालू होती.

आता मूळ प्रश्न. राउटरने उत्तर दिले नाही तर एमआरटीजी काय करी? नेहमीची मांडणी अशी, की शेवटचा माहीत असलेला आकडा तो तसाच पुढे चालवी. नेटवर्कवर एखादे पाकीट हरवणे रोजचेच असल्याने एका चुकलेल्या उत्तरासाठी आलेखात खड्डा पडू नये, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण जोडणी खरोखर तुटलेली असेल, तर पडद्यावर सपाट, शांत, निरोगी रेषा दिसत राही. ज्यांना हे नको असे त्यांनी वेगळी सूचना लिहायची आणि मग न आलेल्या उत्तराच्या जागी शून्य येई. तेही पूर्ण खरे नाही. शून्य म्हणजे वाहतूक नव्हती. आणि आपल्याला तर एवढेच ठाऊक आहे, की आपण विचारले आणि कोणी बोलले नाही.

ओटिकरनेच १९९९ मध्ये आणलेल्या आरआरडीटूलमध्ये याचे प्रामाणिक उत्तर आहे. प्रत्येक नोंदीबरोबर एक मुदत ठरवायची; मुदतीत आकडा आला नाही, तर त्या जागी ‘अज्ञात’ असे लिहिले जाते. आकडाही नाही, शून्यही नाही. आलेखात तिथे रेषा तुटते. सरासरी काढताना त्या काळातल्या किती भागापर्यंत अज्ञात चालेल, हेही आधीच सांगावे लागते. निम्म्याहून जास्त अज्ञात असेल तर सरासरीही अज्ञात, अशी मांडणी बहुतेक ठिकाणी करतात. तुटलेली रेषा दिसायला वाईट दिसते. ती तशीच दिसायला हवी.

१९९६ मध्ये शॉन मॅक्ग्वायरच्या ‘बिग ब्रदर’ने हिरव्या-पिवळ्या-लाल चिन्हांचा फलक आणला आणि १९९९ मध्ये ईथन गॅलस्टॅडने नेटसेंट लिहिले, ज्याचे नाव पुढे नॅगिऑस झाले. नॅगिऑसने शांततेचे दोन प्रकार केले. कोणते यंत्र कोणत्या राउटरच्या किंवा स्विचच्या पलीकडे आहे, हे त्याला आधीच सांगून ठेवायचे. यंत्राकडून उत्तर आले नाही की नॅगिऑस वाटेतल्या स्विचला विचारतो. स्विच बोलला, तर यंत्र ‘डाऊन’. स्विचही गप्प असेल, तर यंत्र ‘अनरीचेबल’, पोचण्यापलीकडे. मानखुर्दपुढचा खाडीपूल बंद झाला तर वाशीहून गाडी येणार नाही, पण त्यावरून वाशी स्टेशन बंद पडले असे कोणी म्हणत नाही; नॅगिऑसने हाच साधा विवेक यंत्राला शिकवला. त्याचा व्यवहारातला फायदा मोठा. एक स्विच गेला की मध्यरात्री चाळीस यंत्रांच्या नावाने चाळीस इशारे येण्याऐवजी नेमका एक येतो, आणि झोपेतून उठलेला माणूस योग्य खोलीकडे जातो.

मोठ्या समूहांसाठी बर्कलीत मॅट मॅसीने ‘गँग्लिया’ लिहिले. शेकडो सारखी यंत्रे एकत्र बांधून एक महासंगणक करायचा, ही पद्धत तोवर रूढ होत होती. गँग्लियात प्रत्येक यंत्र आपली नोंद शेजाऱ्यांना ऐकवत राहते आणि वीस सेकंदांच्या अपेक्षित ठोक्याच्या चौपट वेळ, म्हणजे ऐंशी सेकंद, ठोका ऐकू आला नाही की ते मृत धरले जाते. १९८३ ची अकरा मिनिटे ती ऐंशी सेकंदांवर आली. यंत्रे चांगली झाली म्हणून नव्हे, तर काम बदलले म्हणून. पाचशे यंत्रे मिळून एकच गणित सोडवत असतील, तर त्यांतले एक अडले की बाकीची चारशे नव्व्याण्णव त्याची वाट पाहत थांबतात.

ट्रॉम्बेत हा अनुभव हाताशी होता. परदेशी महासंगणक विकत मिळण्यावर बंधने होती, म्हणून पुण्यात सी-डॅकने ‘परम’ उभा केला, आणि त्याच सुमारास, १९९१ पासून, भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘अनुपम’ मालिकेचे समांतर संगणक बांधायला घेतले. सुरुवातीला इंटेलचे आय८६० प्रोसेसर, पुढे बाजारात सहज मिळणारे प्रोसेसर आणि लिनक्स. बांधणाऱ्यांनाच ते चालवायचेही होते. अशा मंडळींना देखरेख म्हणजे शेवटी चिकटवायचा भाग वाटत नाही.

२००२ च्या सुमारास अणुऊर्जा विभाग आणि सर्न यांच्यात संगणनाच्या कामासाठी करार झाला. सर्नला जगभरची केंद्रे जोडून एक ग्रिड करायचे होते: जिनिव्हात शून्य पातळीचे केंद्र, त्याखाली डझनभर पहिल्या पातळीची, त्याखाली शंभराहून अधिक दुसऱ्या पातळीची. कुलाब्याची टाटा संस्था आणि कोलकात्याचे व्हीईसीसी ही भारतातली दोन दुसऱ्या पातळीची केंद्रे. प्रत्येक देशाची यंत्रे वेगळी, त्यांची मालकी वेगळी, सांभाळणारे वेगळे. सर्नच्या हातात यांतल्या बहुतेक यंत्रांची किल्लीच नव्हती. पर्फमीटरसारखे थेट यंत्राला विचारणे इथे शक्य नव्हते.

ग्रिडव्ह्यूने म्हणून दोन मार्ग घेतले. एक, फाइल पाठवणाऱ्या सर्व्हरच्या नोंदी ‘आर-जीएमए’ या वाहिनीतून सर्नमधल्या ओरॅकल डेटाबेसमध्ये आणायच्या आणि त्यांचे आलेख काढायचे. चेप परिषदेच्या काळातले ते रंगीत स्तंभ या मार्गाने आले. दुसरा मार्ग अधिक अवघड आणि अधिक महत्त्वाचा. प्रत्येक केंद्रावर ठरावीक काळाने छोटी चाचणी-कामे पाठवली जात: हे गणित करून दे, ही फाइल ठेवून घे, परत दे. या चाचण्यांच्या निकालांवरून ग्रिडव्ह्यू ठरवी, की केंद्र उपलब्ध होते की नव्हते.

हे ठरवण्याचा नियम वाचण्यासारखा आहे. एका केंद्रात एकाच प्रकारची सेवा देणारे तीन सर्व्हर असतील, तर त्यांतला एक जरी चालू असला तरी ती सेवा चालू. पण गणित करणारी सेवा, साठवणारी सेवा, माहिती सांगणारी सेवा, अशा सगळ्या प्रकारच्या सेवा चालू असतील तरच केंद्र चालू. आणि कोणत्या चाचण्या महत्त्वाच्या धरायच्या, हे ॲटलास, सीएमएस, ॲलिस, एलएचसीबी हे कोलायडरवरचे चार प्रयोग आपापले ठरवत. त्यामुळे एकच केंद्र एकाच तासात एका प्रयोगासाठी हिरवे आणि दुसऱ्यासाठी लाल असू शके. यात विसंगती काही नाही. ‘चालू’ याचा अर्थ यंत्राला विचारून मिळत नाही, ते कोणाला आणि कशासाठी हवे आहे यावर तो ठरतो, ही गोष्ट ग्रिडव्ह्यूने हिशेबातच बसवली होती.

केंद्राच्या अवस्था चार होत्या: चालू, बंद, आधी कळवून बंद आणि चौथी ‘अज्ञात’. तीस दिवसांचा महिना घेतला तर तास ७२०. समजा एका केंद्राने ३६ तास आधी कळवून दुरुस्तीसाठी बंद ठेवले, १८ तास ते न सांगता बंद पडले, २० तासांच्या चाचण्यांचे निकालच आले नाहीत आणि उरलेले ६४६ तास ते चालू होते. उपलब्धता काढताना अज्ञात तास भाजकातून वगळायचे: ७०० पैकी ६४६, म्हणजे ९२.३ टक्के. भरवशाचा आकडा काढताना आधी कळवलेली दुरुस्तीही वगळायची: ६६४ पैकी ६४६, म्हणजे ९७.३ टक्के. तेच अज्ञात तास ‘बंद’ म्हणून मोजले असते, तर उपलब्धता ९० च्या खाली आली असती. चाचणी पाठवणाऱ्याच्या बिघाडाची शिक्षा केंद्राला झाली असती. या आकड्यांवरून दर महिन्याला केंद्रांचे अहवाल निघत आणि त्यांची जाहीर तुलना होई, तेव्हा हा प्रश्न तांत्रिक राहत नाही, न्यायाचा होतो. दूरवरच्या एखाद्या विद्यापीठात दोन माणसांच्या बळावर केंद्र सांभाळणाऱ्यांची मेहनत त्या टक्केवारीत मोजली जात होती.

४ जुलै २०१२ रोजी हिग्ज कणाची घोषणा झाली, तेव्हा सर्नच्या प्रमुखांनी यशाचे श्रेय वेगयंत्र आणि प्रयोग यांच्याबरोबर ग्रिडलाही दिले. या ग्रिडमध्ये आज चाळीसेक देशांतली दीडशेहून अधिक केंद्रे आहेत. ग्रिडव्ह्यूची जागा पुढे दुसऱ्या साधनांनी घेतली, तसे व्हायचेच होते; पण वर सांगितलेली विभागणी, म्हणजे उपलब्धता वेगळी, भरवसा वेगळा आणि अज्ञात दोहोंच्या बाहेर, नंतरच्या हिशेबांतही राहिली.

सुरक्षेबद्दल थोडे सांगणे भाग आहे. आरहूडी आणि आरस्टॅटडी ज्या काळात लिहिले गेले, तेव्हा नेटवर्कवरच्या सगळ्यांचा एकमेकांवर विश्वास होता. कोण आत आहे, यंत्र किती वेळ चालू आहे, हे विचारणाऱ्या कोणालाही मिळे. नोव्हेंबर १९८८ मध्ये ‘मॉरिसचा किडा’ हा आपोआप पसरणारा प्रोग्राम युनिक्स यंत्रांतून फिरला आणि तो विश्वास गेला. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीतला परवलीचा शब्द नेटवर्कवरून उघडा जाई आणि असंख्य ठिकाणी तो ‘पब्लिक’ हाच असे. देखरेखीचे साधन बसवणारा आपल्या नेटवर्कचा नकाशा काढत असतो. तो कोणाच्या हाती पडेल, याचा विचार साधन बसवण्याच्या आधी करायचा असतो. आज एसएनएमपीची तिसरी आवृत्ती वापरावी आणि आरहूडीसारख्या जुन्या आर-सेवा बंद ठेवाव्यात.

आजचे विद्यार्थी प्रोमिथिअस आणि ग्राफाना यांच्यापासून सुरुवात करतात. साउंडक्लाउड कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेले प्रोमिथिअस दर खेपेला प्रत्येक यंत्राकडे जाऊन आकडे आणते आणि स्वतःची एक नोंद जोडते: भेट झाली तर एक, झाली नाही तर शून्य. यंत्र काय म्हणाले आणि यंत्र बोलले का, या दोन गोष्टी तिथे पहिल्यापासून वेगळ्या ठेवल्या आहेत. ग्राफानात आलेख बनवताना मोकळ्या जागेचे काय करायचे, याचा पर्याय मिळतो: तुटकी रेषा किंवा जोडलेली रेषा. चित्र सलग दिसावे म्हणून जोडलेली रेषा निवडण्याचा मोह होतो. ज्याने एनएफएसची गोठलेली खोली किंवा एमआरटीजीची सपाट रेषा समजून घेतली आहे, तो तिथे थांबून विचार करतो.

पुढच्या प्रकरणांसाठी महागडे काही लागत नाही. गोवंडी-चेंबूरच्या कोणत्याही महाविद्यालयात अडगळीत पडलेले दोन जुने संगणक, त्यांवर लिनक्स, एक स्वस्त स्विच आणि आरआरडीटूल एवढे पुरेल. एका यंत्राचा लोड दर मिनिटाला दुसऱ्यावर नोंदवायला लावायचा. तासभर आलेख सरळ चालू द्यायचा आणि मग पहिल्या यंत्राची नेटवर्क केबल काढून दहा मिनिटांनी परत लावायची. यंत्र त्या दहा मिनिटांत चालूच होते आणि त्याच्यावर काही भारही होता. आलेखाने त्या जागी काय काढले ते पाहायचे. नंतर मुदतीचा आकडा बदलून हेच पुन्हा करायचे, आणि तिसऱ्या वेळी केबलऐवजी यंत्राची वीज काढायची. तिन्ही आलेख शेजारी ठेवले की पहिल्या प्रकरणाचे काम सुरू होते.